बारा रिकाम्या ओळी

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी मित्रांनो, मी म्हणजे पत्र्याचा एक डबा, आत एक बाटली आणि वर पितळी काठाचं नरसाळं. पाऊस माझ्या तोंडात पडतो, बाटलीत साठतो आणि सकाळी कुणीतरी तो काचेच्या मापात ओतून मोजतं. एवढंच माझं काम. सध्या मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, औषधाच्या बरण्यांशेजारी असतो. बरण्यांत बेडूक आहेत. त्यांचे डोळे उघडे आहेत आणि ते दिवसभर माझ्याकडे बघतात. त्यांच्या भाऊबंदांचं माझ्यामुळे काय झालं ते सांगायला मला जड जातं, पण सांगतो.

माझा जन्म १९८५ सालचा, ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोमागं एका लहानशा कारखान्यातला. धोंडीबा नावाच्या कारागिरानं आम्हां बारा भावंडांना घडवलं. पितळी काठ बसवताना तो चष्मा काढून डोळा अगदी जवळ आणायचा. काठ केसभर जरी वाकला तरी पाऊस चुकीचा मोजला जातो, म्हणून यांना पोरांच्या हाताला लागू देऊ नका, असं त्यानं आम्हांला न्यायला आलेल्या बाईंना दोनदा बजावलं.

त्या बाई म्हणजे शीला मॅडम. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि बेडकांवर मोठा प्रबंध लिहीत होत्या. हवा वर्षावर्षाला तापत चालली, पाऊस खंडत खंडत पडू लागला, तर आज जिथं बेडूक आहेत तिथं ते पन्नास वर्षांनी राहू शकतील का, की त्यांची राहण्याजोगी जागाच सरकून दुसरीकडे जाईल, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी बारा ठिकाणं निवडली. एक भाऊ शहाडला उल्हास नदीच्या काठी गेला, एक खोपटलाच राहिला, बाकीचे असेच पांगले. मी शीळफाट्याच्या अलीकडं, डोंबिवलीच्या बाजूला, एका आगरी गावात आलो. तळ्याच्या काठावर मनुबाईचं घर होतं. तिच्या अंगणात मला रोवलं.

मनुबाई चौथी शिकलेली होती. नवरा दामाजी भात लावायचा आणि उरलेल्या दिवसांत सायकलवरून मासळी विकायचा. मालू नावाची एक मुलगी, तेव्हा दीड वर्षाची. घर तळ्यापासून इतकं जवळ की मनुबाई मला मोजायला वाकली तरी तिचा एक डोळा मापाच्या रेषेवर आणि दुसरा मालूच्या पावलांवर असायचा.

मला रोवलं त्या दिवशी तिनं मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. शीला मॅडम हसल्या. करू दे, म्हणाल्या, त्यानं काय बिघडतंय. मोजून झालेलं पाणी फेकायला मनुबाईचा जीव होईना. आभाळातून आलेलं, अजून कुणी पाय न घातलेलं पाणी. ती ते रोज तुळशीला घालू लागली. मॅडमना त्याचंही कौतुकच वाटलं.

मॅडमनी तिला नीट शिकवलं होतं. सकाळी बरोबर साडेआठला मोजायचं. पाऊस पडला नसेल तर वहीत शून्य लिहायचं. आणि एखाद्या दिवशी मोजताच आलं नाही, तर अंदाजानं आकडा ठोकून द्यायचा नाही, जागा मोकळी सोडायची. मनुबाईनं विचारलं, दोन्हीत फरक काय? मॅडम म्हणाल्या, शून्य म्हणजे पाऊस नव्हता, मोकळं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. मनुबाईनं हे देवाची शपथ घ्यावी तसं मनात ठेवलं.

ती हे फुकट का करत होती ते सांगतो. एका शेठला तळं बुजवून इमारती उठवायच्या होत्या. तळ्याची जमीन सरकारी, पण गावाचा ठराव झाला असता तर परवानगी मिळणार होती. धाकटा दीर पोपट शेठच्या बाजूचा होता, त्याला रस्त्याकडेला एक गाळा कबूल झाला होता. मनुबाईचं भात त्या तळ्यावर होतं, आणि टेकडीवरून येणारं सगळं पाणी तळ्यात उतरायचं म्हणून तिचं घर कोरडं राहायचं. तळं गेलं की घर गेलं, हे तिला चौथीच्या शिक्षणावरही कळत होतं. शीला मॅडमनी कल्याणच्या कचेरीत पत्र दिलं की या तळ्यात मोठे बेडूक वीण करतात, माझा अभ्यास चालू आहे, तो पुरा होईपर्यंत तळ्याला हात लावू नये. परवानगी अडकली. मॅडमनी मनुबाईला शब्द दिला, "माझं काम पुरं झालं की पक्का कागद देते. मग कुणाची छाती होणार नाही."

मनुबाई त्या कागदासाठी पाऊस मोजत होती.

पोपट येताजाता टोमणे मारायचा. "वयनी, बेडूक मोजून चूल पेटते का?" दामाजी आतूनच उत्तर द्यायचा की तुझी जीभ पेटली तरी पुरे. मनुबाई हसायची आणि आकडा लिहायची.

मित्रांनो, ती पाच-सहा वर्षं माझी फार चांगली गेली. पावसाळ्यात तळ्याकाठच्या उथळ पाण्यात नर बेडूक हळदीसारखे पिवळे व्हायचे, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडायचे. मग अंडी, मग काळी शेपटीवाली पिल्लं. पिल्लांना पाय फुटेपर्यंत ते उथळ पाणी टिकलं पाहिजे, नाहीतर ती जागच्या जागी वाळून मरतात. मालू काठावर बसून त्यांना बोटानं मोजायची आणि तिची आई तिच्या फ्रॉकचं टोक धरून ठेवायची. मॅडम यायच्या, वही बघायच्या, म्हणायच्या की बारा ठिकाणांत तुमच्या वहीसारखी वही नाही.

१९९१ च्या आषाढात दामाजी शीळफाट्यावर ट्रकखाली गेला. सायकल त्याच्यासोबतच गेली. तिसऱ्या प्रहरी त्याला अंगणात आणलं तेव्हा पाऊस असा कोसळत होता की माणसाला माणूस दिसत नव्हतं. तिरडीवर ताडपत्री धरून चौघे चालले. लाकडं ओली. चिता पेटेना म्हणून शेवटी जुने टायर घालावे लागले. तो वास वाऱ्याबरोबर अंगणापर्यंत आला. सात वर्षांची मालू, हा कसला वास, म्हणून सगळ्यांना विचारत फिरली. कुणीच तिला सांगितलं नाही.

मग सुतक लागलं. सगळं गाव एकाच भावकीचं, म्हणून सगळ्या गावालाच. सुतकात देवाला हात लावत नाहीत, तुळशीला पाणी घालत नाहीत. माझं पाणी तुळशीचं. मला हळदकुंकू लावलेलं. मला कोण शिवणार? साडेआठ वाजायचे, मनुबाई दारातून माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. बाटली दोन दिवसांत भरली. मग बाहेरचा डबा भरला. चौथ्या दिवसापासून पाऊस माझ्या अंगावरून वाहून मातीत जाऊ लागला. मी तुडुंब भरून उभा होतो आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

बारा दिवसांनी सुतक फिटलं. मनुबाई आली, तिनं मला रिकामं केलं, घासलं. किती पाणी कुठल्या दिवशीचं हे सांगणं शक्यच नव्हतं. कपाळ पांढरं झालेल्या त्या बाईनं वही उघडली, बारा दिवसांच्या बारा तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि पुढची जागा मोकळी सोडली. शिकवलं होतं तसंच. तेराव्या दिवशी पुन्हा मोजमाप सुरू झालं, ४१ मिलिमीटर. आवाज न करता ती रडत होती. एक थेंब नरसाळ्यात पडू नये म्हणून तिनं तोंड बाजूला केलं. इतकी ती प्रामाणिक होती.

पुढची गोष्ट माझ्यासमोर घडली नाही, ती मी इथं कपाटात ऐकली. १९९३ साली बाराही वह्या कॉम्प्युटरवर चढल्या. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काचेची, थंड हवेची खोली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. गुरुदत्त नावाचे एक सहायक आकडे भरत. वर्षांमागून वर्षांचे आकडे, बारा गावं, आकड्यांच्या हजारो चौकटी. दामाजीच्या बारा दिवसांशी ते थांबले. यंत्र रिकामी जागा घेत नव्हतं, काहीतरी टाका म्हणून अडून बसलं होतं. पाच वाजत आले होते. त्यांनी बारा वेळा शून्य दाबलं आणि पुढच्या पानावर गेले.

मॅडमनी यंत्राला एक नियम दिला होता. अंडी घातल्यानंतर दहा दिवसांहून जास्त पाऊस खंडला तर तिथली पिल्लं मेली असं धरायचं. आणि हवा आणखी तापली की असे खंड वाढतील, हेही धरायचं. यंत्रानं खडखडत लांबच लांब कागदावर नकाशा छापला. जिथं बेडूक राहतील तिथं फुली, जिथं राहणार नाहीत तिथं टिंब. डोंगराच्या पायथ्याशी फुल्याच फुल्या होत्या. आमच्या गावावर टिंब. पन्नास वर्षांनी इथं बेडकाला जागा नाही.

मॅडमनी तो नकाशा प्रयोगशाळेत आणून पसरला तेव्हा पलीकडच्या टेबलावर मुलं चिरलेल्या बेडकांना टाचण्या मारत होती. या टेबलावर बेडकांचं पन्नास वर्षांनंतरचं भविष्य. दोन्ही टेबलांवर काम नीटनेटकं चाललं होतं.

नकाशा प्रबंधात गेला. प्रबंधाला निळ्या कापडाची बांधणी झाली, वर सोनेरी अक्षरं आली. आणि शब्द दिल्याप्रमाणे एक प्रत कल्याणच्या कचेरीतही गेली, अभ्यास पुरा झाला या पत्रासह.

१९९४ च्या मार्चअखेर मॅडम अंगणात आल्या. पुढच्या शुक्रवारी त्यांची तोंडी परीक्षा होती आणि तयारी करताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. त्या बारा दिवसांत शहाडला धो धो पाऊस, शीळफाट्यापलीकडेही धो धो, आणि मधल्या या एकट्या गावात टिपूस नाही? मनुबाईनं चहा ठेवला. मॅडमनी वही मागितली, ते पान काढलं आणि बघतच राहिल्या.

"मनुबाई, या बारा दिवसांत पाऊस होता का हो?"

"व्हता म्हंजे? तिरडीवर ताडपत्री धरली व्हती, म्याडम."

"मग तुम्ही लिहिलं का नाही?"

"सुतकान हात कसा लावनार? याचं पानी तुलशीला जातं. आनि तुमीच बोललेल्या, न मोजता आकडा लिवायचा नाय."

मॅडमच्या हातातला चहा निवला. त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. शून्य कसं पडलं, टिंब कसं आलं. मनुबाईनं वही आपल्याकडे ओढून घेतली आणि त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"शून्य मी नाय लिवला," ती म्हणाली. "पाऊस नसल तवाच शून्य."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मंग एवढंच कागदावर लिवून द्या कचेरीला."

मित्रांनो, एक ओळ लिहायची होती. मॅडमच्या पर्समध्ये पेन होतं, मला त्याचं टोपण दिसत होतं. पण ती ओळ लिहिली की प्रबंधातला नकाशा खोटा ठरत होता आणि परीक्षा आठ दिवसांवर होती. नऊ वर्षांचं काम. परीक्षा होऊ दे, मग लगेच लिहिते, असं म्हणून त्या उठल्या. जाताना त्यांनी मालूच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या वाईट नव्हत्या. मला उलट तेच जास्त लागतं.

मनुबाई थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी वही आणि दामाजीच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घालून ती कल्याणला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मालूला जे सांगितलं ते मी ऐकलं. साहेबांनी वही उलटसुलट केली. ते चिडले नाहीत, अगदी समजावून बोलले. "बाई, इथं काही लिहिलेलंच नाही. मग पाऊस पडला कशावरून?" मनुबाईनं दाखला पुढं केला. या तारखेला माझा नवरा गेला आणि त्या दिवशी पाऊस होता, सगळं गाव सांगेल. साहेबांनी दाखला वाचला, घडी घातली, परत दिला. "यात मृत्यूची तारीख आहे. पाऊस कुठंय?" शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. मग साहेबांनी तिला तो नकाशा दाखवला, तुमच्याच मॅडमचा आहे म्हणाले, आणि पेन्सिलीच्या टोकानं टिंबावर टकटक केलं.

शुक्रवारी मॅडमची परीक्षा झाली. त्या डॉक्टर झाल्या. कॉलेजात पेढे वाटले. सोमवारी शेठची अडकलेली परवानगी सुटली आणि तळ्यावर डंपर आले.

एप्रिल महिना होता. उन्हाळ्यात बेडूक तळ्याच्या चिखलात खोल शिरून निपचित पडून असतात, पाऊस येईपर्यंत. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. वरून दगड आला, मुरूम आला, शेवटी रोलर आला. पहिल्या दिवशी एकवीस डंपर मोजून मालू रडायला लागली, तेव्हा पोपटनं तिला काठावरून ओढून बाजूला केलं आणि हातावर गोळी ठेवली. तिनं ती चोखली. लहान होती. गावातली बाकीची मुलं तर रोलरमागं नाचत होती.

यंत्र म्हणालं होतं, बेडूक जायला पन्नास वर्षं लागतील. माणसांनी ते काम नकाशा छापल्यापासून अकरा महिन्यांत उरकलं.

जूनमध्ये मॅडम बेडकांच्या मोजणीला आल्या. त्या मुरमावरून त्या दोन तास फिरल्या. शेतातून आलेले तीन नर बेडूक सिमेंट भिजवायच्या खड्ड्याशी बसून ओरडत होते, पण उत्तर द्यायला मादी नव्हती. दुसऱ्या दिवशी ते तिघे त्याच खड्ड्यात पोट वर करून तरंगताना सापडले. मॅडमनी पुढं एक लेख लिहिला. त्यात आमच्या गावाबद्दल एक वाक्य होतं: या ठिकाणाबाबतचं अनुमान अपेक्षेपेक्षा लवकर खरं ठरल्याचं दिसतं. दुरुस्तीची ओळ त्या लेखातही नव्हती.

जुलैत टेकडीचं पाणी खाली आलं. त्याला तळं सापडलं नाही, म्हणून ते मनुबाईच्या घरात शिरलं. सकाळी साडेआठला ती कमरेएवढ्या पाण्यातून, मालूला खांद्यावर घेऊन, माझ्याकडे आली. मी पुरता बुडालो होतो. तिनं पाण्यात हात घालून मला चाचपलं, बाटली काढली, उजेडात धरली. बाटलीत गढूळ पाणी होतं, चिखल होता, एक मेलेला किडा होता. हा आभाळातून आलेला पाऊस नव्हता, पुराचं पाणी होतं. ते मोजणं खोटं झालं असतं. वही तिनं आढ्याला अडकवून वाचवली होती. त्या उभ्या पाण्यात तिनं तारीख लिहिली आणि पुढची जागा मोकळी सोडली.

त्या दुपारी मागची भिंत बसली. मनुबाई मालूला घेऊन शहाडला आपल्या भावाच्या खोलीवर गेली. पुन्हा आली नाही. मालूच्या छातीत कफ झाला होता असं कुणीतरी म्हणालं. पुढं काय झालं ते मला कळलं नाही आणि विचारायची मला सोय नाही.

सप्टेंबरात गुरुदत्त मला आणि वहीला न्यायला आले. पोपटनं दोन्ही पोत्यात घालून दिली. कॉलेजात आल्यावर त्यांनी राहिलेले आकडे यंत्रात भरायला घेतले, मी काचेबाहेर चपलांशेजारी चिखलासकट पडून बघत होतो. शेवटच्या पानावर शेवटची ओळ आली. तारीख होती, पुढं काही नव्हतं. त्यांनी क्षणभर पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी शून्य दाबलं.

म्हणून मित्रांनो, आजही त्या यंत्रात पाहिलंत तर दिसेल की मनुबाईचं घर पाण्यात गेलं त्या दिवशी तिथं अजिबात पाऊस नव्हता.

मी पत्र्याचा डबा, मला कुणाला विचारता येत नाही. तुम्हांला येतं. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रांपुढं बसाल, दूरदूरच्या गावांचे आकडे तुमच्या बोटांखालून जातील. त्यात कुठं एखादी ओळ रिकामी दिसली, तर तिच्यात काही भरायच्या आधी उठा, त्या घरी जा, आणि त्या बाईला विचारा की त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं होतं.